सव्वापट वजन

पलंगावर तीन ढीग होते आणि तिघांचं एकमेकांशी पटत नव्हतं.

पहिला ढीग जंगलाचा. सहल कंपनीने दिलेल्या कागदात लिहिलं होतं की जंगलात मातकट, फिक्या रंगाचे कपडे घालावेत, म्हणजे जनावरांच्या नजरेत भरणार नाहीत. दुसरा ढीग डोंगराचा. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं होतं की डोंगरावर भडक कपडे घालावेत, म्हणजे कुणी मागे राहिलं तर लांबून दिसेल. तिसरा ढीग समुद्राचा, आणि त्याबद्दल ‘आराम’ एवढा एकच शब्द होता. सगळ्यात खाली ठळक अक्षरांत छापलं होतं: सामान कमीत कमी आणावे. काहीही विसरू नये.

“हे लिहिणारं माणूस कधी घराबाहेर पडलंय का?” ती स्वतःशीच म्हणाली आणि एक पांढरा सदरा हातात धरून उभी राहिली. पांढरा मातकटात बसत नव्हता, भडकातही बसत नव्हता. शेवटी तिने तो समुद्रावर टाकला आणि लगेच उचलून घेतला, कारण समुद्र आता डोंगरावर कलंडायला लागला होता.

गोंधळ तिला मानवत नसे. जनावरांच्या रोगांचं निदान करणाऱ्या प्रयोगशाळेत ती काम करायची. तिथे काचपट्टीच्या कोपऱ्यात जनावराचं नाव, नळीचा नंबर आणि स्वतःची सही केल्याशिवाय ती दुसऱ्या पट्टीला हात लावत नसे. तीच शिस्त तिने या सामानाला लावली होती. तीन बॅगा, तीन चिठ्ठ्या: जंगल, डोंगर, समुद्र. काल संध्याकाळी सगळं जागच्या जागी लागलंही होतं. आज कामावरून येऊन बघते तर जंगलाच्या बॅगेत पोहण्याचा चष्मा, डोंगराच्या बॅगेत उन्हाचं मलम, आणि समुद्राच्या बॅगेत लोकरीच्या टोपीत गुंडाळलेली दुर्बीण. म्हणून तर सगळं पुन्हा पलंगावर आलं होतं.

“अण्णा,” तिने बाहेरच्या खोलीकडे तोंड करून विचारलं, “बॅगांना हात कुणी लावला?”

“मीच लावला,” सासरे तिथूनच, आत ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले. “एक जड, दोन हलक्या. असं चालतं होय? भार वाटून टाकला. उचलून बघ आता, तिन्ही सारख्या.”

“अहो, पण त्या वजनावर लावल्या नव्हत्या. जागेवर लावल्या होत्या.”

“जागा कुठली ते तिथे गेल्यावर कळेलच की, सूनबाई. उचलताना वजनच लागतं हाताला.”

चूक कुठे आहे ते दिसत होतं, पण बोट ठेवायला गेलं की निसटत होतं. अण्णांशी बोलताना तिचं नेहमी असंच व्हायचं.

अण्णांची उभी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी कुठल्याही इमारतीत शिरले की ते आधी लिफ्टच्या दाराला कान लावायचे. जगातल्या सगळ्या गोष्टी दोन प्रकारच्या असतात असा त्यांचा ठाम समज होता: चालणाऱ्या आणि बिघडायच्या बेतात असलेल्या.

सहलीचा गोंधळ मात्र अण्णांनी केलेला नव्हता. तिला जंगल हवं होतं. नवऱ्याला समुद्र हवा होता, तोही असा की वाळूत आडवं पडावं आणि कुणी उठवू नये. डोंगर दोघांनाही नको होता, पण सहलीत तो मधोमध होता. “तेवढा डोंगर वगळता येईल का?” असं तिने कंपनीच्या ऑफिसात विचारून पाहिलं, तेव्हा टेबलापलीकडची मुलगी समजुतीने म्हणाली, “मॅडम, जंगलातून समुद्राकडे जायची वाटच डोंगरावरून आहे. वगळून जाणार कुठून?” डोंगर आला तशी अटही आली. निघण्याआधी शहराबाहेरच्या टेकडीवर एक सरावाची चढाई होती. जो ती टेकडी पार करेल त्यालाच गटात घेणार. आणि तंबू, गाडी, सगळं दोघादोघांच्या हिशेबाने असल्यामुळे एक गळला की त्याच्याबरोबर दुसराही गळणार. जंगलासकट.

जंगल आपल्याला का हवंय, हे ती फारसं कुणाला सांगत नसे. लांबच्या अभयारण्यांतून तिच्या प्रयोगशाळेत नमुने यायचे. रक्ताच्या नळ्या, केसांची पाकिटं, शेणाच्या डब्या. हत्ती तिला ठाऊक होता तो थेंबाथेंबाने. त्याच्या तांबड्या पेशी माणसाच्या पेशींपेक्षा मोठ्या असतात, त्यांत जंतू शिरला तर कडा कशा दिसतात, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण आख्खा हत्ती, स्वतःच्या घरी, स्वतःच्या मर्जीने एखादी फांदी मोडताना, तिने कधी पाहिला नव्हता. प्राणिसंग्रहालयातला पाहिला होता. तो तिला नळीतल्यासारखाच वाटला, नळी तेवढी मोठी.

ही सहल याआधी दोनदा रद्द झाली होती. एकदा नवऱ्याचं काम आडवं आलं, एकदा त्याची कंबर. तिसऱ्यांदा ठरवताना ती त्याला शांतपणे म्हणाली होती, “या खेपेला नाही झालं तर मी पुन्हा विषय काढणार नाही.” ती धमकी नव्हती. तिच्या तोंडून एखादी गोष्ट निघाली की ती मोजमापासारखी असायची, पुढेमागे सरकायची नाही. नवऱ्याला ते माहीत होतं. म्हणूनच तो चटकन “होणार म्हणजे होणार!” म्हणाला होता.

आणि मग बूट आले.

डोंगरासाठी दोघांना जाड कातड्याचे बूट घ्यावे लागले. दुकानदाराने बजावून सांगितलं, “नवे कोरे घालून चढायला गेलात तर पाय सोलून निघतील. आधी घरात घाला, जिन्यात घाला, बाजारात घाला. कातडं पायाच्या वळणावर आलं पाहिजे.” ती दुसऱ्या दिवसापासून बूट घालून कामावर जाऊ लागली. नवऱ्याचे बूट दाराशी खोक्यातच राहिले. तो एका छापखान्यात कॅलेंडरं छापून घेण्याचं काम बघायचा, आणि कॅलेंडरांचा हंगाम ऐन भरात होता.

“बूट घातलेस का रे आज?”

“उद्यापासून नक्की. आज मशीनवर डिसेंबर चढलाय.”

“काल नोव्हेंबर चढला होता म्हणून राहिले.”

“तेच सांगतोय. डिसेंबरनंतर महिनेच नाहीत. मग मोकळाच आहे मी.”

पण डिसेंबरनंतर टेबलावर ठेवायचं छोटं कॅलेंडर आलं आणि पुन्हा जानेवारी सुरू झाला.

शेवटी एका सकाळी अण्णांनी स्वतःच खोकं उघडलं, बूट हातात घेऊन वाकवून पाहिले आणि मुलाला म्हणाले, “बाळ्या, तुझं माझं माप एकच. मी देतो चालवून.”

बाळ्याचे कानशिलावरचे केस पांढरे व्हायला लागले होते. त्याने टोस्टचा तुकडा तोंडात असतानाच बापापुढे हात जोडले. “अण्णा, सुटलो बघा!”

तिलाही यात काही वावगं वाटलं नाही. उलट हायसं वाटलं. माप एक, बूट एक, चालणं तेच. कोण चालतंय याने कातड्याला काय फरक पडतो? इतकी बारकाईने विचार करणारी बाई, पण या एका ठिकाणी तिने विचारच केला नाही. सामानाच्या यादीतली एक गोष्ट मार्गी लागली, एवढ्यावरच ती खूश होती.

अण्णांनी मात्र बूट नुसते घालून फिरणं नामंजूर केलं. “लिफ्ट पहिल्यांदा चालू करताना आत माणूस घालायचा नसतो,” त्यांनी तिला समजावलं. “लोखंडी वजनं घालायची. जेवढा भार लिहिलाय त्याच्या सव्वापट. वर न्यायची, खाली आणायची, मध्येच थांबवायची. कुरकुरायचं असेल तर आपल्यासमोर कुरकुरू दे. मग पॅसेंजर.”

“बुटांना कसलं सव्वापट?”

“का? बाळ्याचं वजन, त्यावर पाठीवरचं सामान, त्यावर सव्वा.”

त्यांनी तिची कपाटातली जुनी पुस्तकं काढली, प्राणिशास्त्राचे दोन्ही जाडजूड खंड आणि वर रसायनशास्त्र, ती नव्या पाठपिशवीत भरली आणि इमारतीचा जिना चढायला लागले. रोज, सकाळ-संध्याकाळ. सगळ्या बिऱ्हाडांना करमणूक झाली.

“अण्णा, लिफ्ट बिघडली काय?”

“लिफ्ट ठणठणीत आहे. बूट तपासतोय.”

वरच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या राहून हसायच्या. “जन्मभर लोकांना लिफ्टमध्ये बसवलंत आणि आता जिन्याची आठवण झाली होय!”

“जिना कधी बिघडत नाही ना काकू, त्यामुळे त्याच्याकडे बघायची वेळच आली नव्हती.”

हळूहळू तिला घरात काही गोष्टी खटकायला लागल्या. वाईट नव्हत्या, पण कुठल्या खणात घालाव्यात ते कळत नव्हतं. संध्याकाळ झाली की गुडघे चोळत बसणारे अण्णा आता चहा होईपर्यंतसुद्धा बसत नसत. बूट फक्त जिन्यातच घालायचं ठरलं होतं, पण तळव्यांना लाल माती लागलेली दिसायची. विचारलं तर “उताराचं बघायला नको का? जिन्याला नुसत्या पायऱ्या असतात,” असं उत्तर यायचं. दुर्बिणीचंही तेच. ती रोज दुर्बीण स्वतःच्या डोळ्याला जुळवून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी त्यातून समोरची इमारत धुक्यात बुडालेली दिसायची. अण्णा गॅलरीत बसून तिच्यातून लांबच्या बांधकामावरची क्रेन बघायचे. तपासायला म्हणून.

“एवढं काय तपासायचं असतं दुर्बिणीत?”

“क्रेनचा दोर झिजलाय,” अण्णा गंभीरपणे म्हणाले. “म्हणजे दुर्बीण चांगली आहे.”

प्रयोगशाळेत तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण हे सगळं ऐकून मनापासून हसायची. त्या दिवशी मात्र ती पट्टीवर रंग ओतता ओतता थांबली. “एक विचारू? त्याला जायचंय ना पण?”

“तो हो म्हणालाय.”

“हो म्हणणं वेगळं, बूट घालणं वेगळं.”

“कामात आहे गं तो.”

“असेल बाई,” मैत्रीण म्हणाली आणि पट्टी नळाखाली धरली. “आमचा लग्नाला हो म्हणाला होता, तेव्हाही कामातच होता.”

तिने हसण्यावारी नेलं, पण दिवसभर सूक्ष्मदर्शकावर तिचं चित्त लागेना. एकच कोपरा तीनदा तपासला गेला. संध्याकाळी तिने घरी जाऊन नवऱ्याचे बूट पिशवीत घातले आणि तडक छापखाना गाठला. सरावाची चढाई उद्यावर आली होती. निदान तासभर तरी त्याने ते पायात घालावेत, एवढंच तिला हवं होतं.

छापखान्यात शाईचा आणि ओल्या कागदाचा वास होता. नवरा उजेडाच्या टेबलावर ओणवा होऊन एक छापील पान भिंगातून बघत होता. तिला पाहून त्याचा चेहरा उजळला. “बरी आलीस! ये, तुझा हत्ती बघ. एप्रिलमध्ये टाकलाय.”

तिने भिंगाला डोळा लावला. निळे, तांबडे, पिवळे, काळे ठिपके, शेजारी शेजारी. हत्ती कुठेच नव्हता.

“भिंग काढ की,” तो म्हणाला. “मग दिसतो.”

भिंग काढल्यावर दिसला. पाठीवर धूळ, कान पसरलेले. ती बघत राहिली. तेवढ्यात तो एकदम, तिने काहीही विचारलेलं नसताना म्हणाला, “मी येतोय ना. मी कुठे नाही म्हणतोय?”

तिने मान वर केली. तो पुन्हा भिंगातून बघायला लागला होता. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की काय करायचं असतं? तिला कळलं नाही. मशीनवरून कुणीतरी त्याला हाक मारली, तो गेला, आणि ती घरी पोचली तेव्हा बूट तिच्या पिशवीत तसेच होते.

टेकडी फार उंच नव्हती, पण तिचा चढ सुरू झाला की मध्ये उसंत नव्हती. गटात दहा-बाराजण होते आणि पुढे एक उंच, उन्हाने रापलेली बाई होती. तिच्या गळ्यात शिट्टी होती. डोंगरावर हीच त्यांची वाटाडी असणार होती. अण्णाही आले होते. बूट कसे चालतात ते बघायला येणं त्यांना भागच होतं, असं त्यांचं म्हणणं. पायात जुने कॅनव्हासचे बूट आणि पाठीवर पुस्तकांनी भरलेली तीच पाठपिशवी.

“ती तरी रिकामी करायची ना, अण्णा,” नवरा म्हणाला.

“आता तिच्याशिवाय तोल जातो,” अण्णा म्हणाले.

पहिल्याच वळणावर नवरा थांबला. नाडी सोडली, आवळली, पुढे गेला. दुसऱ्या वळणावर पुन्हा थांबला. तिसरं वळण येईपर्यंत तो चक्क लंगडायला लागला होता, आणि बाकीचे लोक त्याच्या अंगावरून पुढे निघून गेले.

“हे बूट माझे नाहीत,” तो एका दगडावर टेकत म्हणाला.

“तुझेच आहेत,” अण्णा म्हणाले. “रोज मी घालतोय, मला माहीत नाही?”

“दुकानात नीट बसले होते हो! आता इकडे पोकळ, तिकडे चावतायत. टाच आत फिरतेय. बदलले कुणीतरी.”

“जिन्यात कोण बदलणार? काकू?”

तीही चक्रावली होती. खूण तीच होती, नाडीचा रंग तोच होता, माप तर तळव्यावर कोरलेलं होतं. ती गुडघ्यांवर बसली, डावा बूट हातात घेतला, बोटं आत घालून त्यातला मऊ तळवा बाहेर ओढला आणि उजेडाकडे धरला.

त्यावर पाय उमटलेला होता. स्पष्ट, बोटांसकट. चवड्याचा खड्डा, टाचेच्या बाहेरच्या कडेला झीज, आणि अंगठा बाकीच्या बोटांकडे तिरका झुकलेला. तिने बुटाच्या वरच्या कातड्यावरून हात फिरवला. अंगठ्याच्या मुळाशी एक उंचवटा बाहेर आला होता. नवऱ्याच्या पायाला तिथे काहीच नव्हतं. अण्णांच्या पायाला होतं. तरुणपणी एकदा लिफ्टचं एक लोखंडी वजन त्यांच्या पायावर पडलं होतं, तेव्हापासून तो अंगठा तिरका होता. ती गोष्ट घरातल्या प्रत्येकाने निदान शंभरदा ऐकली असेल.

“अण्णा,” ती म्हणाली, “हे तुमचे झालेत.”

“माझे कसे? मी तर त्याच्यासाठी...”

“कातडं कुणासाठी ते बघत नाही. ज्याचा पाय आत, त्याच्या वळणावर जातं.” आणि मग तिला स्वतःचाच राग आला. हे तिला माहीत असायला हवं होतं. दुकानदार नेमकं हेच सांगत होता आणि ती मान डोलवत होती.

अण्णांनी तळवा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. त्यांचा चेहरा पडला. “लिफ्टचं असं होत नाही गं,” ते हळूच म्हणाले. “लिफ्ट कुणी चालवली तरी लिफ्टच राहते.”

वरून शिट्टी वाजली. वाटाडी उड्या मारत खाली आली. “काय झालं? पाय?”

“बूट,” तिघंही म्हणाले.

“हे बघा, वर पोचलेल्यांची नावं लिहिणार मी. इथे बसलेल्यांची नाही लिहिता येत. काय करताय बोला, ऊन चढतंय.”

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो डावा मोजा उतरवून बसला होता, टाच लाल झाली होती, आणि त्याच्या चेहऱ्यावर दुखण्यापेक्षा दुसरंच काहीतरी होतं. ते ओळखायला तिला एक क्षण लागला. सुटका होती ती. जशी त्या सकाळी टोस्ट खाताना होती.

“तुला यायचंच नव्हतं ना रे?” तिने विचारलं.

“समुद्रावर यायचंय,” तो घाईघाईने म्हणाला. “खरंच यायचंय. पण अंधारात उठून गाडीत गप्प बसायचं, शिंकायचंसुद्धा नाही, मग हा डोंगर... मला वाटलं, होईल. वेळ आली की होईल. दोनदा मोडलं होतं माझ्यामुळे. तिसऱ्यांदा तोंडच उघडेना.”

“म्हणून बूट उघडले नाहीस.”

तो मोजा पुन्हा पायात चढवायला लागला.

तिच्या मनात एकाच वेळी इतकं काही आलं की तिला एकही गोष्ट धरून ठेवता येईना. राग होताच. तो बाजूला केला तर खाली त्याची दया येत होती, आणि तिच्याही खाली एप्रिलच्या पानावरचा तो हत्ती कान पसरून उभा होता आणि हळूहळू ठिपके ठिपके होत चालला होता. घरी जायचं, बॅगा रिकाम्या करायच्या, विषय पुन्हा काढायचा नाही. तीच तसं म्हणाली होती.

तिने तळवा बुटात परत घातला. तो दाबून बसवताना तिची बोटं त्या तिरक्या अंगठ्याच्या खड्ड्यात गेली आणि तिथेच थांबली.

“जोडी लागते, बरोबर?” तिने वाटाडीला विचारलं. “जोडीतलं दुसरं माणूस बदललं तर?”

“टेकडी चढणारं कुणीही चालेल मला. नवरा-बायकोच पाहिजे असं थोडंच आहे. मागच्या वेळी एक बाई तिच्या दाताच्या डॉक्टरबरोबर आली होती.”

“अण्णा, बूट घाला.”

“आं?” अण्णांनी आधी तिच्याकडे, मग मुलाकडे, मग मागे पाहिलं, जणू दुसरे कुणी अण्णा तिथे उभे असावेत. “मी? अगं, मी कशाला? मी आपला तपासायला आलोय.”

“घाला म्हणते ना.”

“बाळ्या, ही काय म्हणतेय?”

“बरोबर म्हणतेय,” बाळ्या म्हणाला. “घाला, अण्णा. मला तुमचे कॅनव्हासचे द्या. त्यांना मागून दाबलं की चपला होतात.”

अण्णा दगडावर बसले. बूट पायात गेले, नाड्या आवळल्या गेल्या, आणि ते उभे राहिले तेव्हा कुठे करकर नाही की कुरकुर नाही. सवयीने त्यांनी पाठपिशवी उचलली.

“पुस्तकं तरी ठेवा इथे,” ती म्हणाली.

“असू दे. काढली तर उडून जाईन.”

आणि ते निघाले. पहिली काही पावलं बावचळल्यासारखी पडली. मग जिना सापडल्यासारखे ते सरळ चढायला लागले, इतके झपाझप की तिला मागून जवळजवळ धावावं लागलं. मध्येच वळून ते म्हणाले, “उताराचंही बघितलंय मी, काळजी करू नकोस,” आणि पुढे गेलेल्यांतल्या निम्म्यांना त्यांनी शेवटच्या वळणावर गाठलं.

माथ्यावर वारा होता. वाटाडीने वहीत लिहायला सुरुवात केली तेव्हा अण्णा दूर एका कडेला जाऊन उभे होते. ती त्यांच्या शेजारी जाऊन थांबली. खाली दगडावर बसलेला नवरा एवढासा दिसत होता. त्याने हात हलवला. तिने हलवावा की नाही हे तिला ठरवता आलं नाही, आणि ते ठरेपर्यंत हात आपोआप वर गेला होता.

“सूनबाई,” अण्णा म्हणाले, “एक सांगू? मी आजवर कुठल्याच लिफ्टमध्ये पॅसेंजर म्हणून बसलो नाही. आत शिरलो की कान लावतो. दोर कसा आहे, ब्रेक कसा आहे. जंगलात मी करायचं काय?”

“बघायचं.”

“काय बघायचं?”

“हत्ती.”

“आणि त्याच्यात काही बिघाड नसला तर?”

“तरीही बघायचा,” ती म्हणाली, आणि त्या सबंध सकाळीत पहिल्यांदा तिला हसू आलं.

संध्याकाळी पलंगावर पुन्हा तीन ढीग होते. नवऱ्याचं सगळं सामान समुद्राच्या ढिगात गेलं. तो कॅलेंडरं संपवून थेट तिथेच येऊन मिळणार होता. वाटाडीनेच कंपनीला फोन करून ते जमवून दिलं. निरोप घेताना वाटाडी म्हणाली होती, “वाळूत झोपायला सराव लागत नाही.” जंगलाच्या ढिगात अण्णांचे कपडे आले, पण ते बघून ती पुन्हा बुचकळ्यात पडली. मातकट रंगाचं त्यांच्याकडे होतं ते सगळं कामावरचं जुनं, ग्रीसच्या डागांचं. डाग मातकटात धरायचे की भडकात?

ती अजून नवऱ्याशी नीट बोलत नव्हती. बोलणार होती, पण आधी काय म्हणायचं याचा क्रम लागत नव्हता. तो दारात उभा राहून तिचं काम बघत होता, हातात अण्णांसाठी आणलेली नवी उन्हाची टोपी घेऊन.

“हत्ती दिसला की लगेच सांगशील?” त्याने विचारलं.

“तुझ्याकडे एप्रिलमध्ये आहे की.”

“टोमणा मारलास म्हणजे निम्मं मिटलं,” तो म्हणाला. “निम्मं समुद्रावर मिटव.”

तिने उत्तर दिलं नाही, पण पांढरा सदरा समुद्राच्या बॅगेत ठेवला. स्वतःचा. मग बॅगा उचलून पाहिल्या. जंगलाची चांगलीच जड झाली होती, समुद्राची फुलासारखी. अण्णा मागून आले, त्यांनीही एकेक उचलून पाहिली, त्यांचा हात जंगलाच्या बॅगेच्या चेनवर गेला, आणि ते थांबले.

“राहू दे,” ते स्वतःलाच म्हणाले. “जागेवर लावलीय.”

“अण्णा, ही टोपी घ्या,” नवरा म्हणाला. “जरा कडक आहे. थांबा, दोन दिवस मी घालतो आणि देतो चालवून.”

त्याने टोपी डोक्याकडे नेली. अण्णा एवढ्या चपळाईने पुढे झाले की बॅगेला पाय लागून ती आडवी झाली.

“ठेव खाली!” ते ओरडले. “हात लावायचा नाही कुणी!”

टोपी त्याच्या हातातून हिसकावून घेऊन त्यांनी ती स्वतःच्या डोक्यावर घातली. ती खरंच कडक होती, कानांवर टोचत होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी खाली ओढली, आरशात पाहिलं, आणि ती घालूनच जेवायला बसले.